कुंदाताईंची भिंत

कुंदाताई चौबळ यांचं नाव आधी लिहिते. "मी पाहिलं नाही" एवढंसं वाक्य न घाबरता म्हणायला त्यांनी मला शिकवलं, आणि आज मी जिथं आहे तिथवर मला त्याच वाक्यानं आणलं. दुसरं नाव हिराबाईंचं. चेंदणीच्या कोळीवाड्यातून त्या मासळी घेऊन यायच्या. त्यांच्या फटकळ तोंडाशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं. मी सातवीत शाळा सोडलेली बाई. चार ओळी लिहायच्या म्हटलं की अजून धास्ती वाटते. पण या दोघींबद्दल लिहिताना वाटत नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आमचं गाव जतच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिथून मी ठाण्याला अक्काकडं आले आणि वागळे इस्टेटमध्ये एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागले. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या, माहितीचा कागद घालायचा, झाकण लावायचं. पुढं दाजींची बदली झाली, अक्का त्यांच्याबरोबर गेली, आणि एकटी मुलगी म्हटल्यावर मला खोली द्यायला कुणी तयार होईना. शेवटी कामावरच्या एका मैत्रिणीनं पत्ता दिला. ठाणे पूर्वेला खाडीकडं उतरणारी गल्ली, बैठं घर, मागं बाग. "बाई एकट्याच राहतात. चांगल्या आहेत, पण जरा विचित्र," ती म्हणाली.

मी गेले तेव्हा कुंदाताई मागच्या पायरीवर स्टीलच्या पेल्यातून चहा पीत होत्या. साठीच्या आसपासचं वय, सुती पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ. माझ्याकडं न बघता त्यांनी एक बोट वर केलं आणि म्हणाल्या, "लाइन धरा." मी तशीच उभी राहिले. शेवग्यावरून काहीतरी उडून गेलं, तेव्हा त्या वळल्या.

"बोला. नाव?"

"शेवंता."

"काय काय येतं?"

"सगळं येतं, ताई. स्वैपाक, धुणं, भांडी..."

"सगळं येतं म्हणणारे मी खूप ऐकलेत. काय येत नाही ते सांग."

हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "इंग्रजी येत नाही." मग जरा थांबून, "आणि कुणाला नाही म्हणता येत नाही."

त्या हसल्या. "खोली त्या बाजूला आहे. नळ सकाळी येतो."

दुसऱ्या दिवशी उपकार फेडायला मी लवकर उठले आणि खराटा घेतला. आमच्याकडं बाईच्या हाताची पारख अंगणावरून होते. मी आंब्याखालचा, शेवग्याखालचा, भिंतीकडेचा सगळा पाचोळा झाडून काढला आणि गल्लीच्या कोपऱ्यावर महापालिकेच्या कचराकुंडीपाशी ढीग घातला. माती अशी चकचकीत केली की भाकरी थापावी. कुंदाताई पेला घेऊन बाहेर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"जेवण कुठं गेलं?"

"अजून केलं नाही, ताई. आता करते."

"आपलं नव्हे गं! त्या पानांखाली किडे असतात. ते खायला पाखरं येतात. तू ताटं उचललीस त्यांची."

मी रडायच्या बेताला आले. आता ही बाई सामान काढायला लावणार असंच वाटलं. त्यांनी कोपऱ्यातली टोपली काढून माझ्या हातात दिली. मी कोपऱ्यावर जाऊन टोपल्या भरभरून पाचोळा परत आणत होते आणि त्या पायरीवर बसून "अजून डावीकडं. भिंतीला जाड थर दे," असं सांगत होत्या. तेवढ्यात डोक्यावर पाटी घेऊन हिराबाई आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, टोपलीकडं बघितलं.

"बाय, ही नवी पोर कुठशी आणलीस गो? लोका कचरा भायेर टाकतान, ही आत आणते!"

"माझ्यासारखीच आहे," कुंदाताई म्हणाल्या. "बोंबील आहेत का?"

कुंदाताईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडायचे. निवृत्त होऊनही "बोला", "लाइन धरा" आणि "राँग नंबर" त्यांच्या तोंडून सुटले नव्हते. पक्षी आला की बोट वर आणि "लाइन धरा", मग समोर पोस्टमन असो की सत्यनारायणाचं बोलावणं करायला आलेली शेजारीण. एकदा मी भीतभीत विचारलं, ताई, पाखरांचं एवढं कसं लागलं तुम्हाला? त्या म्हणाल्या, "माणसं जन्मली, मेली, लग्नं ठरली, मोडली, सगळं या कानातून गेलं. कुणाचं तोंड दिसलं नाही. आयुष्यभर नुसतं ऐकलं बघ. आता बघायचंय."

जे बघितलं ते भिंतीवर. मागच्या पडवीत, दाराशेजारी, सुतारी पेन्सिलनं लिहिलेली पक्ष्यांची यादी होती. वही हरवते, भिंत हरवत नाही, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीआधी रंगारी यायचा तेव्हा त्या स्टूल घेऊन त्या भिंतीपाशी बसून राहायच्या. सगळी पडवी पांढरीशुभ्र आणि मधे तेवढाच तुकडा जुना, पिवळा पडलेला. दयाळ, बुलबुल, तांबट, शिंजीर, शिंपी, कोतवाल, हळद्या, ढोकरी. नावापुढं महिना आणि बसण्याची जागा. "तांबट, फेब्रुवारी, उंबराची वाळकी फांदी." खाडी जवळ असल्यानं पाण्यावरची पाखरंही कधी वाट वाकडी करून यायची. यादीचे नियम कडक होते. पक्षी आपल्या कुंपणाच्या आतून दिसला पाहिजे. दिसलाच पाहिजे, नुसता आवाज चालणार नाही. किती झाले हे मोजायचं नाही. कुणी आकडा विचारला तर म्हणायच्या, "मोजून काय करू? वाचा की."

घरात आलेल्या कुणीही पाहिलेला पक्षी यादीत जायचा, पण आधी कुंदाताईंच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागायची. शेजारचे फणसेकाका बँकेतून निवृत्त झालेले. ते एका सकाळी कुंपणावरून ओरडले, "कुंदाताई, लिहा! तुमच्या टाकीवर गरुड! काल चहा घ्यायला तुमच्याच अंगणात आलो होतो, तेव्हा पाहिला!"

"बोला. केवढा?"

"हा एवढा!" काकांनी दोन्ही हात पसरले.

"पाय कसे होते?"

"आता पाय... गरुडाचे असतात तसे."

"शेपटी गोल की मधे खाच?"

"अहो, गरुडासारखी गरुडाची शेपटी!"

"राँग नंबर," कुंदाताई म्हणाल्या आणि पेला विसळायला आत गेल्या. फणसेकाका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कबूल करून गेले की घार असावी. मला मात्र पटत नव्हतं. एवढा मोठा माणूस, बँकेतला, हौसेनं सांगतोय, तर लिहावं की एक नाव. कुंदाताईंना तसं म्हटलं, तर त्यांनी मला भिंतीपुढं उभं केलं. "यातलं एक नाव कुणाला बरं वाटावं म्हणून लिहिलं, तर बाकीच्यांना काय किंमत राहिली गं?"

अशा बाईच्या डोळ्यांत काही बिघाड असेल हे माझ्या मनातही आलं नाही. त्या पेल्यात चहा ओतताना कडेला बोट लावून ओततात, पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावतात, हे दिसत होतं. मला वाटायचं वय झालं.

कळलं ते हिराबाईंमुळं. नवरात्राच्या आसपासची सकाळ. हिराबाई पायरीवर बसून कोलंबी सोलत होत्या, मी कामावर निघायच्या गडबडीत. कुंदाताईंनी अचानक बोट वर केलं. "लाइन धरा. कुंपणावर बगळा. केवढा शांत बसलाय. शेवंता, हलू नकोस."

मी बघितलं. मग हिराबाईंकडं बघितलं. हिराबाईंनी मान वर केली.

"बाय, तो बगला नाय. माजा फडका हाय तो. पाटीवरचा. सुकाला टाकलाय."

कुंदाताई हलल्या नाहीत. "चोच दिसतेय मला."

हिराबाई उठल्या, कुंपणापाशी गेल्या आणि बगळा हातात घेऊन झटकून परत आल्या. "ही बघ चोच. कोपरा हाय. बाय, तुला दिसत नाय. कवापासना दिसत नाय?"

मला वाटलं आता आरडाओरडा होणार. कुंदाताई मुकाट्यानं पडवीत गेल्या, पेन्सिल घेतली आणि भिंतीला नाक लावून यादीचा शेवटचा भाग वाचायला लागल्या. एकेक नाव वाचायचं, डोळे मिटून आठवायचं, आणि रेघ मारायची. स्वर्गीय नर्तक, रेघ. धोबी, रेघ. पावसाळ्यापासूनची बरीच नावं गेली. मला राहवलं नाही. म्हणाले, "ताई, राहू द्या ना. खरे पण असतील यातले."

"असतील. मला खात्री नाही. राँग नंबर."

मग सगळं बाहेर आलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी दोन हिवाळ्यांपूर्वीच उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं होतं. मोतीबिंदू थंडीतच काढायची पद्धत. उन्हाळ्यात घाम, पावसाळ्यात ओल, जखम चिघळते म्हणायचे. आणि हिवाळा म्हणजे बाहेरगावची पाखरं येण्याचे दिवस. पट्टी, मग काळा चष्मा, मग नंबर, यात अख्खी थंडी जाणार. म्हणून कुंदाताई दर वर्षी "पुढच्या साली" म्हणत होत्या, आणि तिकडं मोतीबिंदू जास्त पिकला तर डोळा हाताबाहेर जाईल असं डॉक्टर बजावत होते. यादीसाठी डोळे हवेत आणि डोळ्यांसाठी यादी सोडायला हवी, असा तो गुंता होता.

हिराबाईंनी तो एका वाक्यात सोडवला. "पाखरा पुढल्या साली येतील गो. डोला येल काय?"

कुंदाताईंनी सवयीनं बोट वर केलं. "लाइन..." म्हणाल्या आणि बोट खाली घेतलं. मग त्या माझ्याकडं वळल्या. "शेवंता, तू यादी धरशील?"

तोवर मला कुणी काही विचारलं की तोंडातून हो निघून जायचं. त्या दिवशी निघेना. मला कावळा, चिमणी, कबुतर सोडून धड नावं येत नव्हती. चुकीचं लिहिलं तर? मी म्हणाले, "ताई, मला नावं येत नाहीत."

"नावं माझ्याकडं आहेत. तू डोळे दे."

ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यात आधीच धुकं. वाकायचं नाही, खोकायचं नाही, डोक्यावरून आंघोळ नाही. त्यांची खाट आम्ही पडवीत, भिंतीशेजारी घातली. मी दुसरी पाळी मागून घेतली, म्हणजे सकाळ मोकळी. हिराबाई सुकट भाजून आणायच्या आणि डॉक्टरांनी नको म्हटलंय म्हणून सगळी मलाच खायला लावायच्या.

पट्टी बांधलेल्या कुंदाताई म्हणजे पुन्हा एक्स्चेंजवर बसलेल्या कुंदाताई. पडल्या पडल्या सगळी बाग ऐकायच्या. "दयाळ. तांबट, लांब आहे, फणसेंच्या उंबरावर. भारद्वाज घुमतोय, विहिरीकडं." मी पेन्सिल घेऊन उभी.

"भारद्वाज लिहू, ताई?"

"तू पाहिलास?"

"तुम्ही ऐकलात ना."

"मग ऐकायची भिंत वेगळी करू का? जा, बघून ये."

मी पळत जायची, बघून यायची आणि मग उलटतपासणी. पहिले काही दिवस मी फणसेकाकांच्याच वरताण होते. त्यांनी विचारलं शेपटी लांब होती ना, की मी हो म्हणायची. आखूड होती ना, तरी हो. एकदा त्यांनी मुद्दाम विचारलं, "डोक्यावर लाल तुरा होता ना?" मी म्हटलं, "हो हो, होता." त्या म्हणाल्या, "चिमणीला?" आणि मग इतक्या हसायला लागल्या की डोळ्याला ताण पडेल म्हणून हिराबाईंनी त्यांचं तोंडच दाबलं.

डिसेंबर असावा. मी पडवीच्या दारात बसून तांदूळ निवडत होते. भिंतीकडेच्या पाचोळ्यात खसखस झाली. एक पक्षी चोचीनं पानं उलटी करत चालला होता. मी कधी न पाहिलेला. मी बोट वर केलं. कुंदाताईंना ते दिसणं शक्य नव्हतं, पण माझा श्वास थांबलेला त्यांनी ऐकला. पक्षी उडून जाईपर्यंत त्याही गप्प.

"बोला."

"मैनेपेक्षा थोडा लहान. डोकं, छाती, पोट सगळं केशरी. पाठ निळसर राखाडी. गालावर काळ्या उभ्या रेघा, दोन. गळा पांढरा. पानं उलटवत होता."

"चोच पिवळी?"

"नाही, काळपट."

"शेपटी हलवत होता? खंजनासारखी?"

"नाही."

"पाय कुठल्या रंगाचे?"

इथं माझं तोंड उघडलं. पाय असणारच. गुलाबी म्हणावं, तपकिरी म्हणावं, काहीतरी म्हणावं. त्या खाटेवर वाट बघत होत्या, हिवाळाभराच्या अंधारात एक नवा पक्षी दारापर्यंत आला होता, आणि तो माझ्या एका शब्दावर अडला होता. पाय पानांत होते.

"पाय मी पाहिले नाहीत," मी म्हणाले.

कुंदाताईंनी हात पुढं करून चाचपत माझं मनगट धरलं. "आता तुझं बाकीचं सगळं मला पटलं. कस्तुर आहे तो. केशरी डोक्याचा. या बागेत पहिलाच. लिही."

"मी?"

"मग काय मी, पट्टी बांधून?"

मी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं, ओळ उतरती. शाळेच्या भिंतीवर लिहिल्याबद्दल गुरुजींनी एकदा मारलं होतं, ते हातांना आठवत होतं. "कस्तुर, डिसेंबर, पाचोळा." त्या भिंतीवरचं दुसऱ्या हाताचं ते पहिलं नाव.

त्याच थंडीत कंपनीत सुपरवायझरनं मला न तपासलेल्या खोक्यांवर तपासल्याची सही करायला सांगितलं. मी म्हणाले, "साहेब, मी पाहिलं नाही." माझ्याच आवाजाचं मला आश्चर्य वाटलं. आता जाणार नोकरी, असं धरून मी पुढचे दिवस काढले. झालं उलटंच. गोष्ट मोठ्या साहेबांच्या कानावर गेली आणि त्यांनी बोलावून मला चेकिंगला घेतलं. कुंदाताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "त्यात काय? पाहिलं नव्हतंस ना!" आणि दुसऱ्याच दिवशी फणसेकाकांकडून बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म मागवला. गणित काकांनी घेतलं. बाकी सगळं कुंदाताईंनी, तोंडी.

चष्मा आला तेव्हा थंडी सरत आली होती. उजवीकडं भिंगासारखी जाड काच. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं, त्यामुळं त्या पेल्याच्या अलीकडंच चहा ओतायच्या. पहिल्या सकाळी त्या पायरीवर बसल्या आणि कपड्यांच्या दोरीवर येऊन एक पक्षी बसला. कुंदाताई बोट वर करायलाही विसरल्या.

"शेवंता, हा कोण?"

"खंड्या, ताई."

"खंड्या मला माहीत आहे. हा कोण आहे?"

"खंड्याच आहे."

"चोच?"

"लाल."

"छाती?"

"पांढरी. पाठ निळी."

"निळी?" त्या जवळजवळ ओरडल्या. "याला निळी म्हणतात? अगं, हा पेटलाय! मग मी इतकी वर्षं बघत होते तो कोण होता?"

मोतीबिंदू सगळ्या रंगांवर पिवळट पडदा धरतो, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. कुंदाताईंनी ते नीट ऐकून घेतलं आणि घरी येऊन भिंतीपुढं उभ्या राहिल्या. अख्खी यादी पुन्हा बघायची, त्यांनी ठरवलं. नव्या डोळ्यानं पक्षी दिसला की नावापुढं एक टिंब. त्या वर्षी आमच्या घरात शिळं असं काही उरलंच नाही. बुलबुलसुद्धा बातमी होता. त्याच्या बुडाचा लाल रंग बघायला त्यांनी हिराबाईंना मासळी उन्हात ठेवून थांबवलं, आणि हिराबाई कुरकुरल्या, "सोन्यासारखी सुरमय तापली, का तर पाखराचा ढुंगण बघाचाय!" तरी थांबल्या. बघून झाल्यावर म्हणाल्या, "हाय पण लाल."

पुढं बरीच वर्षं मी त्या खोलीत राहिले. दहावी झाले. नव्वदच्या दशकात कंपनीनं गुजरातेत अंकलेश्वरला नवा कारखाना काढला आणि चेकिंगची मुख्य म्हणून मला तिकडं पाठवलं. निघायच्या सकाळी रिक्षा दारात उभी. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला, तोंड उघडलं, काहीतरी मोठं सांगणार असं वाटलं, आणि शेवग्यात काहीतरी हललं. बोट वर गेलं. त्या पाठमोऱ्या झाल्या, चष्मा वर सरकवला, आणि दुसरा हात मागं करून मला हलवत राहिल्या. जा, जा. रिक्षा वळेपर्यंत तो हात हलत होता आणि तोंड झाडाकडं होतं. हिराबाई फाटकात उभ्या राहून दोघींच्या वाटणीचं रडून घेत होत्या.

रविवारी मी बूथवरून फोन करते. पलीकडून "बोला" येतं. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू आता पुरता पिकलाय, डॉक्टर रागावतात, हिराबाई फोन हिसकावून घेऊन तक्रार करतात. मी विचारलं की उत्तर ठरलेलं. "हिवाळा तोंडावर आलाय गं. यादी कोण धरणार?"

मी धरणार. या वर्षी नव्या मशीन बसतायत, कुणाला सोडत नाहीत, पण मी रजा साठवतेय. एकही दिवस खर्च केलेला नाही, अक्काच्या मुलाच्या बारशालाही गेले नाही. अख्खी थंडी पुरेल एवढी रजा जमली की मी ठाण्याला येईन, कुंदाताईंना हाताला धरून दवाखान्यात नेईन आणि खाट पडवीत घालेन. त्यांनी मला माझे डोळे दिले. पट्टीखाली गेलेला त्यांचा एक हिवाळा माझ्याकडं आहे, तो मी त्यांना परत करणार आहे.